शांतियात्रेला गाडी कोणती आणि डिझेल कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले २८ जण, त्यांत ११ महिला, २ ऑक्टोबरला सेवाग्रामला पोहोचेल अशी शांतियात्रा काढताहेत. सात मोटारी, त्यांवर बॅनर, समृद्धी महामार्गाने जाणं-येणं आणि वाटेत सभा, असा पाच दिवसांचा बेत आहे. एका स्थानिक नेत्याने दोन बस आणि डिझेल देऊ केलंय. अमेरिकेतले एक नातलगही पैसे पाठवायला तयार आहेत. मोटारीने जावं की बसने, खर्च किती धरावा, मदत कोणाची घ्यावी, लोकांसमोर बोलायचं काय, आणि पुढच्या वर्षी वाघा सीमेपर्यंत जाता येईल का, असं विचारलंय.

माझं मत आधी सांगतो. मोटारींचा ताफा काढू नका. यवतमाळपर्यंत एसटीने जा, तिथून सेवाग्रामपर्यंत चाला आणि परत रेल्वेने या. नेत्याच्या बस नम्रपणे नाकारा. यात साधेपणाचा हट्ट नाही. यात्रेचा खर्च जितका मोठा तितका तो भागवणारा माणूस मोठा लागतो, आणि मग सभेत काय बोलायचं हेही तोच ठरवायला लागतो. खर्च आपल्या खिशाला झेपेल इतका खाली आणला की बोलणं आपलं राहतं.

आता हिशोब. मोटारीचा खर्च म्हणजे पेट्रोलचा खर्च, असं बहुतेक जण धरतात आणि तिथेच गणित फसतं. रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख पडलेली छोटी पेट्रोल गाडी घ्या. वर्षाला १० हजार किलोमीटर, आठ वर्षं वापरून अडीच लाखांना विकली. साडेपाच लाखांची घट ८० हजार किलोमीटरवर वाटली की किलोमीटरला ६ रुपये ८८ पैसे होतात. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं असेल तर व्याजच सुमारे १ लाख ४७ हजार, म्हणजे आणखी १ रुपया ८४ पैसे. विम्याचे वर्षाला सरासरी १६ हजार धरले तर १ रुपया ६० पैसे, सर्व्हिसिंगचा १ रुपया, टायर-बॅटरीचे ६० पैसे. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी १६ चं अॅव्हरेज देत असेल तर साडेसहा रुपये. बेरीज १८ रुपये ४० पैशांच्या घरात जाते. पेट्रोल त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा आहे.

गाडी तुमच्या दारात आधीच उभी आहे, त्यामुळे यात्रेसाठी सगळी घट मोजायची नाही, हे खरं. पण चालवल्यामुळे जे झिजतं ते मोजलंच पाहिजे. सर्व्हिसिंग, टायर आणि वाढलेल्या रनिंगमुळे पडणारी किंमत मिळून किलोमीटरला साडेतीन रुपये धरा. पुणे-सेवाग्राम जाऊन-येऊन १,४०० किलोमीटर आणि तिथलं फिरणं २००, असे १,६०० किलोमीटर. चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि वेग ११० च्या पुढे असला की १६ चं अॅव्हरेज १४ वर येतं. म्हणजे ११४ लिटर, सुमारे ११,९०० रुपये. झीज ५,६०० आणि टोल दोन्ही वेळचा मिळून २,२०० च्या आसपास. एका गाडीचे १९,७००, सात गाड्यांचे १ लाख ३८ हजार. माणशी ४,९०० रुपये, आणि यात अजून जेवण नाही.

दोन टेम्पो ट्रॅव्हलर केल्या तर किलोमीटरचा दर २६ रुपये धरून एका गाडीचे ४१,६००, ड्रायव्हर भत्ता पाच दिवसांचा ३,०००, टोल-पार्किंग साडेतीन हजार. दोन्ही मिळून ९६,२००, माणशी ३,४०० च्या पुढे. भाडं ठरवताना दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ३०० असतात, म्हणजे गाडी दिवसभर उभी राहिली तरी ३०० चे पैसे जातात. गाडी त्यांच्या गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, हेही लिहून घ्या.

रेल्वेचं स्लीपरचं तिकीट पुणे-वर्धा साडेचारशेच्या आसपास आहे. जाऊन-येऊन माणशी ९००, तिथे तीन दिवस एक गाडी भाड्याने घेतली तर तिचे १५ हजार. सगळे मिळून ४० हजार. सर्वांत स्वस्त हेच, पण वाटेत कोणी भेटत नाही.

म्हणून मी मिश्र मार्ग सुचवतो. एसटीच्या साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास भाडं पडतं. पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, वाशीम करत यवतमाळ ६०० किलोमीटर धरलं तर हजार रुपये, महिलांना अर्धं तिकीट. १७ पुरुषांचे १७ हजार आणि ११ महिलांचे साडेपाच हजार, मिळून साडेबावीस हजार. परतीची रेल्वे १२,६००. यवतमाळहून सामानासाठी एक पिकअप सहा दिवस, दिवसाचे अडीच हजार धरून १५ हजार. एकूण ५०,१०० रुपये, माणशी अठराशेच्या आत.

एसटीत दोन गोष्टी तपासा. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास पुरुषांना सोयीचा पडू शकतो. महिलांना अर्ध्या तिकिटापुढे तो महाग जातो का, हे डेपोत बसून मोजा. ७५ च्या पुढचं कोणी असेल तर त्यांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. दुसरं म्हणजे अख्खी बस ‘प्रासंगिक करारा’वर घ्यायचा मोह होईल. या सवलती नेहमीच्या फेरीच्या तिकिटाला आहेत, कराराच्या गाडीला त्या धरून हिशोब करू नका. शिवाय २८ जण एकाच फेरीत मावतील हा आग्रह सोडा. सात-सात जणांचे चार गट करा, दोन-दोन तासांच्या अंतराने निघा आणि मुक्कामाला एकत्र या. एसटीच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशी दोन तास बोलता येतं. तेवढा वेळ कुठल्याच सभेत एका माणसाला मिळत नाही.

समृद्धीबद्दल स्पष्ट बोलतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता वेगाने पोहोचण्यासाठी बांधला आहे आणि त्या कामाला तो उत्तम आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, गाव लांब, मध्येच थांबायला मनाई, दुचाकीला प्रवेश नाही. लोकांना भेटायला निघालेल्या यात्रेने असा रस्ता निवडण्यात अर्थ नाही. मोटारीला किलोमीटरला सुमारे दोन रुपये टोल आहे. इथे आणखी एक गफलत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास मिळतो, वर्षभर किंवा २०० फेऱ्या. तो फक्त खासगी मोटारींना आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत, तिथे पास असला तरी टोल नेहमीसारखाच कापला जातो. पासच्या भरवशावर खात्यात शिल्लक न ठेवता निघालेले लोक नेमके इथे अडतात.

तरीही दोन-तीन गाड्या न्यायच्याच असतील, म्हणजे कोणी वयस्कर बरोबर असतील, तर टायर पाहा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत दिसली तरी तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने नेऊ नका. रबर कडक झालेलं असतं आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. हवा कमी असली तर टायरची भिंत सतत दुमडते, तापते आणि फुटते. लोक समजतात हवा जास्त झाल्याने टायर फुटतो. बहुतेक वेळा उलट असतं.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत सोबत्यांकडून भाडं म्हणून पैसे घेऊ नका. मोटार वाहन कायद्यात भाड्याच्या वाहतुकीला परवाना लागतो. पेट्रोल मित्रांनी वाटून घेणं वेगळं आणि ‘सीटचे दोन हजार’ असं व्हॉट्सअॅपवर लिहिणं वेगळं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मेसेज पुढे करून दावा अडवू शकते. बॅनर काचेवर लावायचा नाही, नंबरप्लेट झाकायची नाही. आणि बॉनेटवर तिरंगा लावू नका. मोटारीवर राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान ध्वजसंहितेनुसार ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे. गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर तो पांघरणंही चालत नाही.

आता चालण्याचा भाग, कारण खरी यात्रा तिथेच आहे. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, सेवाग्राम हे सगळं मिळून ८० किलोमीटरच्या थोडं पुढे जातं. २७ सप्टेंबरला सकाळी यवतमाळ सोडायचं, रोज १५ किलोमीटरच्या आसपास, १ ऑक्टोबरचा मुक्काम वर्ध्यात, आणि २ तारखेला सकाळचे शेवटचे आठ किलोमीटर. दिवसाला २५ चालू म्हणणारे उत्साही प्रत्येक गटात असतात. त्यांचं ऐकलं की तिसऱ्या दिवशी निम्मे लोक फोडांमुळे पिकअपमध्ये बसतात. साडेपाचला निघा, दहाच्या आत थांबा. सप्टेंबरअखेर विदर्भात सकाळी दमट आणि अकरानंतर कडक ऊन असतं, मध्येच पाऊसही येतो.

बूट नवे नकोत, किमान महिनाभर वापरलेले हवेत. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला, म्हणजे घर्षण मोज्यांमध्ये होतं, कातडीवर येत नाही. टाचेला गरम लागल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून कापडी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, दोघा-दोघांच्या रांगेत चाला. बंदोबस्तावरचे पोलीस डावीकडून न्या म्हणाले तर तसं चाला. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे चमकणारं जाकीट घातलेला एक-एक जण हवाच, कारण पहाटेच्या अंधारात भरलेला ट्रक रांग दिसल्यावर लगेच थांबू शकत नाही.

पिकअप मागे-मागे रांगत आणू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक यात्रेत होते. पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चार किलोमीटरच्या वेगाने दोन तास गाडी चालली की क्लचप्लेट जळते. वेग नसल्याने समोरून वारा मिळत नाही, इंजिन तापतं, आणि डिझेल दुप्पट जातं ते वेगळंच. गाडी तीन किलोमीटर पुढे जाऊन सावलीत थांबेल, रांग आली की पाणी देईल आणि पुन्हा तीन किलोमीटर पुढे जाईल. बाबा आमट्यांच्या १९८५ सालच्या कन्याकुमारी-काश्मीर भारत जोडो यात्रेत तरुण सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. यात्रेत गाडी असू नये असं कोणी म्हणत नाही. ती चालणाऱ्यांच्या सोयीला असावी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. सकाळी पोह्यांना अडीच किलो पोहे, एका जेवणाला तीन किलो तांदूळ आणि सव्वा किलो डाळ २८ जणांना पुरते. गावकरी जेवण देतील, पण त्यावर विसंबू नका, शिधा पिकअपमध्ये हवाच. मुक्कामाला जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर बरं. मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना पंधरा दिवस आधी पत्र द्या, आणि महिलांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, ते कोणीतरी आधी स्वतः जाऊन पाहून या. फोनवर ‘सगळी सोय आहे’ असंच उत्तर मिळतं. सकाळची शाळा असेल त्या दिवशी सातच्या आत वर्ग झाडून रिकामे झाले पाहिजेत.

सभा संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा. त्या दिवसांत सोयाबीनची काढणी सुरू होते, दिवसा गावात म्हातारी माणसं आणि पोरंच असतात. काढणीच्या दिवशी पाच वाजता सभा लावणाऱ्याला शेतकऱ्याचं काय चाललंय ते ठाऊक नाही, एवढंच गावाला त्यातून कळतं.

परतीचं तिकीट ३ ऑक्टोबरचं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी, म्हणजे ४ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडतं. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून पाच जणांनी पाच तिकिटं एकाच वेळी काढायची. किंवा स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात गटाचं पत्र, यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती देऊन आधी विचारा. दसरा त्याच दिवसांत येत असेल तर नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी लक्षात घ्या. त्या आठवड्यात आरक्षणाशिवाय डब्यात शिरणं अवघड असतं. सेवाग्रामला यात्री निवास आहे, पण २ ऑक्टोबरला जागा मिळण्यासाठी पत्र खूप आधी जायला हवं. पवनारला जायचं ते ३ तारखेला सकाळी. विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर हे तिथल्या भगिनींचं राहतं घर आहे. घोषणा आणि स्पीकर घेऊन तिथे जाऊ नका.

परवानग्या. चालण्याचा भाग दोनच जिल्ह्यांत आहे, त्यामुळे यवतमाळ आणि वर्धा इथल्या पोलीस अधीक्षकांना आणि वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला एकाच मजकुराचा अर्ज तीन आठवडे आधी द्या. मार्ग, तारीखवार वेळा, मुक्काम, सहभागींची यादी, पिकअपचा नंबर, दोन जबाबदार व्यक्तींचे मोबाइल आणि ध्वनिक्षेपक कुठे, किती वेळ, हे सगळं एका पानात बसवा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. त्यानंतर विशेष शाखेतून फोन येतो आणि यात कोण आहे, पैसा कुठला, असं विचारतात. चिडू नका, खरं आणि तेवढंच सांगा. जमावबंदीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बहुधा पंधरवड्यासाठी निघतात आणि सणासुदीत पुन्हा पुन्हा वाढवले जातात. ते लागू असले तर पाच किंवा त्याहून जास्त जणांना लेखी परवानगी हवी. पूर्वीचं १४४ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा, मार्ग किंवा वेळ बदलून दुसरा अर्ज करा. तोंडी ‘नको’ला घाबरून रद्द करू नका आणि लेखी ‘नाही’ मोडून चालूही नका. आचारसंहिता लागली तर जिल्हा निवडणूक कार्यालयाशी वेगळं बोलावं लागेल, आणि पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ अ कलम आडवं येऊ शकतं. ते नाव-पत्ता एरवीही छापाच.

पैशांचं आता. त्या नेत्याच्या दोन बस घेतल्या तर गावात उतरताना लोक बसवरचं नाव वाचतील, तुमचं पत्रक नंतर. सभेत ‘यांना कोणी पाठवलंय’ हा प्रश्न पहिला येईल, आणि त्याला तुमच्याकडे खरं उत्तर नसेल. निवडणूक जवळ असेल तर तो खर्च त्यांच्या हिशोबात धरण्याचा वादही उभा राहतो. मी सुचवेन तो नियम असा: कोणा एकाकडून एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घ्यायचं नाही, आणि पक्षाकडून किंवा उमेदवाराकडून काहीच नाही. नेत्याला मात्र सभेला बोलवा, सगळ्याच पक्षांच्या स्थानिक लोकांना बोलवा, आणि सगळ्यांना समोर सतरंजीवर बसवा. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले तेव्हा बरोबर पैसे घेऊ नका, असा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. पैसे नसले की रोज संध्याकाळी कोणाचं तरी दार ठोठावावंच लागतं, आणि त्यातूनच बोलणं होतं. २८ जणांना ते जमणार नाही, पण पन्नास हजारांत निभावणाऱ्या यात्रेला मोठ्या दात्याची गरज पडत नाही, एवढं नक्की.

लोकांकडून वर्गणी काढणार असाल आणि संस्था नोंदलेली नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्या, पावतीपुस्तक छापा. अमेरिकेतले नातलग कोणत्या पासपोर्टवर आहेत ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरले जात नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते, आणि परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसलेल्या गटाला ती घेता येत नाही. एखाद्या सदस्याच्या खात्यात ‘भाच्याला भेट’ म्हणून आणून यात्रेत वापरू नका. नात्यातल्या भेटीची सवलत त्या व्यक्तीपुरती आहे, आणि एवढ्याशा रकमेवरून अख्ख्या यात्रेवर बोट ठेवायला जागा मिळते.

आता सभेत बोलायचं काय. ‘शांती हवी’ असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि उठून जातात. यवतमाळच्या शेतकऱ्याशी डिझेलपासून सुरुवात करा. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये कच्चं तेल पिंपाला १२० डॉलरच्या वर गेलं. खतांचे भावही जगभर चढले. लढाई हजारो किलोमीटरवर होती, ट्रॅक्टरचं डिझेल इथे महागलं. पण अर्धंच सांगू नका. नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका संपेपर्यंत आपल्याकडचे दर हलले नव्हते. २२ मार्च २०२२ ला ते सुटले आणि ६ एप्रिलपर्यंत १६ दिवसांत १४ वेळा वाढून लिटरला दहा रुपयांनी चढले. १५ मार्च २०२४ ला दोन रुपये उतरले आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. जून २०१७ पासून दर रोज बाजाराप्रमाणे बदलतात, हे कागदावर आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं, राज्याचा व्हॅट तेव्हा २५ टक्के आणि वर ५ रुपये १२ पैसे होता. तेव्हाच्या १०४ रुपयांच्या लिटरमध्ये या दोन्हींचे मिळून ४७ रुपयांच्या जवळ जात होते. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, हा पैसा त्याला सोडवत नाही, म्हणून हे सांगताना एका पक्षाला झोडपायचं नाही. युद्ध, तेल, कर आणि निवडणूक यांची सांगड माणसाला आपल्या बिलात दिसली की तो पुढचं ऐकतो.

आणि एक गोष्ट टाळू नका. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली होती. हा प्रश्न प्रत्येक सभेत येईल आणि यायलाच हवा. उत्तराची सुरुवात मृतांच्या घरच्यांपासून करा. खुनाला खून म्हणा, गुन्हेगारांना शिक्षा हवी असं स्पष्ट म्हणा. मग सांगा की त्या खुनाचा राग गावातल्या मुसलमान शेजाऱ्यावर काढणं हा दुसरा अन्याय आहे. हा क्रम उलटा झाला की सभा हातातून गेली. वाद घालायला येणारे येतील. दर दहा जणांमागे एक स्वयंसेवक आधीच नेमा, त्याने फक्त मध्ये उभं राहायचं आणि हात खाली ठेवायचे. बोलणारा एकच ठरलेला असेल. घोषणेला घोषणेने उत्तर नाही. पाच मिनिटांत निवळलं नाही तर गाणं किंवा मौन घेऊन सभा संपवा आणि ठाण्याला कळवा. मोबाइलवर चित्रण एकाने करायचं, सगळ्यांनी नाही, आणि त्या रात्री ते कुठेही टाकायचं नाही.

वाघ्याचं म्हणाल तर भारताच्या बाजूची अटारीची तपासणी चौकी २३ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने बंद झाली, त्यामुळे पलीकडे जाण्याचा बेत तूर्त आखू नका. अमृतसरपर्यंत जाता येतं. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री सीमेजवळ मेणबत्त्या लावण्याची प्रथा पत्रकार कुलदीप नय्यर यांनी अनेक वर्षं चालवली, तिच्याशी नातं सांगणारी यात्रा पंजाबातल्या लोकांसोबतच काढावी लागेल. त्यासाठी आधी तिथल्या दोन-तीन गटांशी सहा महिने पत्रव्यवहार हवा, तिकिटं त्यानंतर. सीमेलगतच्या पट्ट्यात जमावाच्या परवानग्या अमृतसरच्या जिल्हा प्रशासनाकडून लागतात आणि सुरक्षेच्या कारणाने त्या आदल्या दिवशीही रद्द होऊ शकतात. म्हणून त्या रात्रीचा कार्यक्रम अमृतसर शहरातही करता येईल अशी एक जागा आधीच ठरवून ठेवा, आणि परतीची तिकिटं १५ नव्हे, १६ ऑगस्टची काढा.